अंबाजोगाईच्या विद्यार्थ्याला कोणते वाणिज्य शिक्षण हवे?

टाळेबंदी उठली, महाविद्यालयांची दारे उघडली, परीक्षा पूर्ववत होऊ लागल्या. परंतु त्या काळात शिक्षणक्षेत्रात शिरलेली एक गोष्ट मात्र बाहेर गेली नाही. मार्च २०२० मध्ये नाइलाज म्हणून जे स्वीकारले गेले, ते आता धोरण म्हणून पुढे येत आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मिश्र अध्यापनाचा जो मसुदा प्रसिद्ध केला, त्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग ऑनलाइन शिकविण्याची कल्पना मांडलेली होती. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने दूरशिक्षणाने व ऑनलाइन पद्धतीने मिळविलेल्या मान्यताप्राप्त पदव्या नेहमीच्या पदव्यांशी समकक्ष असल्याचे स्पष्ट केले. या बदलाचा सर्वांत मोठा ओघ वाणिज्य आणि व्यवस्थापन या विद्याशाखांकडे आहे, आणि त्याचे कारण उघड आहे. या शाखांना प्रयोगशाळा लागत नाही, रुग्णालय लागत नाही, कार्यशाळा लागत नाही. जिथे केवळ बोलणारा आणि ऐकणारा एवढेच पुरेसे आहे असे मानले जाते, तिथे बोलणाऱ्याला पडद्यावर बसविणे सर्वांत सोपे आणि सर्वांत किफायतशीर असते.

प्रश्न असा की, ही किफायत कोणाची? आणि तिची किंमत कोण मोजणार?

पुण्या-मुंबईच्या चर्चासत्रांत या प्रश्नाचे जे उत्तर दिले जाते, ते अंबाजोगाईच्या बसस्थानकावर टिकणारे नाही. म्हणून त्याचा विचार अंबाजोगाईतच उभे राहून केला पाहिजे.

गाव आणि त्याचा वारसा

बालाघाटच्या डोंगररांगेवरील हे गाव मराठी वाचकाला मुकुंदराज आणि दासोपंत यांच्यामुळे ठाऊक आहे. निजामी राजवटीत ते मोमिनाबाद म्हणून ओळखले जाई. त्या काळात स्वामी रामानंद तीर्थ येथील शाळेचे मुख्याध्यापक होते आणि १९३८ साली संस्थानातील सत्याग्रहात उडी घेण्यासाठी ते शाळेतून बाहेर पडले. त्या शाळेने केवळ परीक्षार्थी घडविले नाहीत. हैदराबाद मुक्तिसंग्रामाला माणसे दिली. पुढे सत्तरीच्या दशकात शासनाने याच गावात ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय काढले. खेड्यातल्या माणसाने उत्तम शिक्षणासाठी शहराकडे धाव घ्यावी, यापेक्षा उत्तम शिक्षणानेच खेड्याजवळ यावे, हा त्या निर्णयामागचा विचार होता. मागासलेल्या प्रदेशाला न्याय देण्याचा तो एक मार्ग होता, आणि तो विटा-चुन्याच्या इमारतीतून, नेमलेल्या शिक्षकांतून, वसतिगृहातून जात होता.

आज त्याच गावच्या वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याला सांगितले जाते की, आता अंतर उरलेले नाही. अहमदाबादचा प्राध्यापकसुद्धा त्याच्या खिशातील मोबाइलमध्ये आहे. हे वाक्य ऐकायला समतेचे वाटते. म्हणूनच ते अधिक काळजीपूर्वक तपासले पाहिजे.

या गावात येणारा विद्यार्थी कोण आहे? तो घाटनांदूर, बर्दापूर अशा गावांतून, केज-धारूरच्या वाड्या-वस्त्यांतून एसटीने येतो. बीड जिल्हा ऊसतोड मजुरांचा जिल्हा आहे. दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे पश्चिम महाराष्ट्राच्या आणि कर्नाटकाच्या कारखान्यांकडे निघतात आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. अशा घरातील मुलगा किंवा मुलगी पदवीच्या वर्गात पोहोचते, तेव्हा ती बहुधा त्या घरातील पहिलीच. तिला ताळेबंद समजावून सांगणारे घरात कोणी नसते. शिक्षक हाच तिचा एकमेव अनुभवी माणूस असतो.

तीन पद्धतींचा ताळेबंद

प्रत्यक्ष वर्ग, ऑनलाइन वर्ग आणि या दोहोंचे मिश्रण, या तीन पद्धतींची तुलना केवळ मतामतांवर सोडण्याची आता गरज नाही. योगायोगाने या विषयावरील सर्वांत काटेकोर प्रयोग अर्थशास्त्र व व्यवस्थापनाच्या प्रारंभिक वर्गांवरच झालेले आहेत.

अमेरिकेतील एका मोठ्या सार्वजनिक विद्यापीठात सूक्ष्म अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसे तीन गटांत विभागले गेले. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या या प्रयोगात केवळ ऑनलाइन शिकलेले विद्यार्थी अंतिम परीक्षेत प्रत्यक्ष वर्गातील विद्यार्थ्यांपेक्षा ५ ते १० गुणांनी मागे पडले. मिश्र पद्धतीच्या गटात मात्र संख्याशास्त्रीयदृष्ट्या दखल घ्यावी असा फरक आढळला नाही. न्यूयॉर्कच्या बरूक महाविद्यालयात आठवड्यातील दोन तासांऐवजी एकच तास प्रत्यक्ष घेऊन उरलेले साहित्य ऑनलाइन दिले गेले. तेथेही सत्राच्या मध्यावर अल्प पीछेहाट दिसली, अखेरीस ती जवळजवळ पुसली गेली.

एवढ्यावरून मिश्र पद्धतीचे पुरस्कर्ते विजयाची तुतारी फुंकतात. परंतु सरासरी ही मोठी फसवी गोष्ट असते, हे अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला पहिल्याच वर्षी शिकविले जाते. जिनिव्हा विद्यापीठातील अर्थशास्त्र व व्यवस्थापनाच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना व्याख्याने घरबसल्या थेट पाहण्याची मुभा देण्यात आली. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासाचा निष्कर्ष असा की, या सोयीमुळे हुशार विद्यार्थ्यांचे गुण वाढले आणि कच्च्या विद्यार्थ्यांचे घटले. एकच सोय, परंतु तिने वरच्याला वर उचलले आणि खालच्याला खाली ढकलले. शिक्षणातील विषमतेची याहून नेमकी व्याख्या करता येणार नाही.

यावर एक ठरावीक उत्तर मिळते : गरीब विद्यार्थ्याला टॅबलेट द्या, वायफाय द्या, प्रश्न सुटेल. साधनांची वानवा खरी आहे, यात शंका नाही. २०१७-१८ च्या राष्ट्रीय नमुना पाहणीनुसार ग्रामीण भारतातील जेमतेम १५ टक्के कुटुंबांकडे इंटरनेटची सोय होती. संगणक तर ५ टक्के घरांतही नव्हता. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ग्रामीण पुरुषांपैकी सुमारे ४९ टक्क्यांनी, तर ग्रामीण स्त्रियांपैकी सुमारे २५ टक्क्यांनीच इंटरनेट कधी तरी वापरलेले होते. त्यानंतर मोबाइलचा प्रसार वाढला. परंतु घरातला एकच चांगला मोबाइल भावाच्या हाती असतो आणि बहिणीला तो स्वयंपाक आटोपल्यावर मिळतो, ही वस्तुस्थिती कोणत्याही टक्केवारीपेक्षा अधिक बोलकी आहे.

तथापि साधने पुरविली की प्रश्न मिटतो, हे खरे नाही. अमेरिकेच्या वेस्ट पॉइंट लष्करी अकादमीत २०२० च्या उत्तरार्धात अर्थशास्त्राच्या प्रारंभिक वर्गासाठी विद्यार्थ्यांची अशीच यादृच्छिक विभागणी झाली. तेथील प्रत्येक छात्राकडे संगणक असतो, सर्वजण एकाच आवारात राहतात, जेवण-निवास शासनाचा. तरीही ऑनलाइन गटाचे गुण लक्षणीय घसरले, आणि ही घसरण मुख्यतः आधीच कच्च्या असलेल्यांच्या वाट्याला आली. म्हणजे उणीव केवळ यंत्राची नव्हती. शिक्षकाची नजर विद्यार्थ्याच्या चेहऱ्यावर पडते, न समजल्याची रेघ त्याच्या कपाळावर दिसते आणि शिक्षक फळ्याकडे वळून तेच उदाहरण दुसऱ्या शब्दांत मांडतो, ही जी साधी गोष्ट आहे, तिचीच ती उणीव होती. ज्याला स्वतःला प्रश्न विचारता येतो त्याला पडदा पुरतो. ज्याला आपल्याला काय कळले नाही हेच कळत नाही, त्याला माणूस लागतो.

आवाराचेही ढोंग नको

परंतु एवढे म्हणून थांबणे हा अप्रामाणिकपणा ठरेल. प्रत्यक्ष वर्गाचा कैवार घेणाऱ्यांनी आपल्या महाविद्यालयांतील वर्ग उघड्या डोळ्यांनी पाहावेत. मराठवाड्यातील कित्येक महाविद्यालयांत वाणिज्य शाखेचे वर्ग पटावर भरलेले आणि बाकांवर रिकामे असतात. मंजूर पदे वर्षानुवर्षे भरली जात नाहीत. तासिका तत्त्वावर राबणारा, नेट-सेट उत्तीर्ण झालेला तरुण प्राध्यापक तासांच्या हिशेबाने मजुरी घेतो आणि सुट्टीत दुसरे काम शोधतो. विद्यार्थी गाइड पाठ करून पास होतो. जिथे शिक्षकच नाही तिथे आवार म्हणजे चार भिंती. आणि चार भिंतींची तुलना चांगल्या ध्वनिचित्रफितीशी केली तर फीतच जिंकेल.

शिवाय ज्यांना आवार कधीच मिळाले नाही, त्यांचा विचार केलाच पाहिजे. लग्न होऊन सासरी गेलेली मुलगी, मोंढ्यातील आडत दुकानावर दिवसभर राबणारा मुनीम, पतसंस्थेतील कारकून यांना सकाळी दहाच्या तासाला बसता येत नाही. त्यांच्यासाठी १९८९ साली नाशिकला स्थापन झालेल्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने जे दार उघडले, ते महाराष्ट्राच्या शैक्षणिक इतिहासातील लोकशाहीचे पाऊल होते. मात्र मुक्त विद्यापीठाने विद्यार्थ्याला केवळ टपालाने पुस्तके धाडून मोकळे सोडले नाही. त्याने गावोगावी अभ्यासकेंद्रे उघडली, संपर्कसत्रे ठेवली, मराठीतून पाठ्यपुस्तके लिहून घेतली. ब्रिटनच्या १९६९ साली स्थापन झालेल्या मुक्त विद्यापीठानेही नभोवाणी-दूरचित्रवाणीच्या जोडीला स्थानिक शिकवणी वर्ग आणि उन्हाळी निवासी शिबिरे ठेवली. दूरशिक्षणाच्या या जुन्या शिलेदारांना एक गोष्ट ठाऊक होती : दूर असलेल्याला जवळचे माणूस अधिकच लागते.

आजच्या ऑनलाइन बाजारपेठेने नेमके हेच वगळले आहे. शासनाच्या ‘स्वयम्’ व्यासपीठावरील अभ्यासक्रम मोफत आहेत ही चांगली गोष्ट; पण त्यांपैकी बहुतांश इंग्रजीत आहेत. मराठी माध्यमातून बारावी झालेल्या विद्यार्थ्याला ‘डेप्रिसिएशन’ म्हणजे घसारा, हे सांगणारा कोणी त्या पडद्यामागे नाही. खासगी कंपन्यांची तऱ्हा तर आणखी वेगळी. विद्यापीठांनी अशा कंपन्यांना आपले अभ्यासक्रम फ्रँचायझीने चालविण्यास देऊ नयेत, असा इशारा आयोगाला जानेवारी २०२२ मध्ये द्यावा लागला. बायजूज ही या क्षेत्रातील सर्वांत गाजलेली कंपनी २०२४ साली दिवाळखोरीच्या कारवाईत सापडली. आवारातील महाविद्यालय बंद पडले तर गावात मोर्चा निघतो. पडद्यावरचे महाविद्यालय बंद पडले तर मोर्चा कोणाच्या दारात न्यायचा?

किफायत कोणाची?

येथे अर्थशास्त्रातील एक सामान्य तत्त्व ध्यानात घेतले पाहिजे. ध्वनिमुद्रित व्याख्यानाचा पहिला खर्च मोठा असतो, पण दुसऱ्या, शंभराव्या, दहा हजाराव्या विद्यार्थ्यासाठी लागणारा वाढीव खर्च जवळजवळ शून्य असतो. उलट प्रत्यक्ष शिक्षकाचा तास साठ विद्यार्थ्यांच्या पलीकडे ताणता येत नाही. विल्यम बॉमोल या अर्थशास्त्रज्ञाने साठच्या दशकात दाखवून दिले की, कारखान्यातील मजुराची उत्पादकता वाढत जाते, परंतु वाद्यवृंदाची किंवा वर्गातील शिक्षकाची तशी वाढविता येत नाही. म्हणून अशा सेवा इतर वस्तूंच्या मानाने महाग होत जातात. याचा अर्थ समाजाने त्या बंद कराव्यात असा नव्हे. समाज श्रीमंत होत असताना त्यांचा खर्च उचलण्याची त्याची कुवतही वाढत असते, असा आहे.

परंतु संस्थाचालकाच्या हिशेबात या तत्त्वाचा निराळा अर्थ निघतो. ४० टक्के अध्यापन ऑनलाइन झाले की ४० टक्के कार्यभार कागदावरून उडविता येतो. कार्यभार उडाला की पद उडते. पद उडाले की अनुदानाचा प्रश्न मिटतो. १९८३ पासून विनाअनुदानित व्यावसायिक महाविद्यालयांचे जे पर्व या राज्यात सुरू झाले, त्याने शासनाला शिक्षणाच्या खर्चातून अंग काढून घेण्याची सवय लावली. मिश्र पद्धती ही त्या सवयीची पुढची पायरी ठरण्याचा धोका आहे. खर्च कमी झाला तर शुल्कही त्याच प्रमाणात कमी व्हावे, हा साधा व्यवहार आहे. त्याची मागणी होताना मात्र दिसत नाही.

आणि येथेच पदव्यांच्या समकक्षतेचा पोकळपणा उघडा पडतो. कायद्याने दोन पदव्या समान ठरविता येतात, बाजार त्या समान मानत नाही. अहमदाबादच्या व्यवस्थापन संस्थेचा १९६१ पासूनचा लौकिक तिच्या निवासी अभ्यासक्रमावर, प्रकरण-पद्धतीने रात्र-रात्र चालणाऱ्या गटचर्चेवर उभा आहे. संपन्न घरातील मुले आजही अशाच आवारांत जाण्यासाठी धडपडतात. त्यांना तेथे ज्ञानाबरोबर ओळखी, भाषा आणि आत्मविश्वास मिळतो. वरिष्ठांसाठी आवार आणि कनिष्ठांसाठी पडदा, अशी ही नवी वर्णव्यवस्था आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी सरकारी शिक्षणखर्चाचा लाभ वरच्या वर्गांनाच मिळतो, अशी तक्रार केली होती. ती तक्रार आज नव्या वेषात पुन्हा मांडावी लागत आहे.

मिश्र पद्धती कोणत्या अटीवर?

मग मिश्र पद्धती त्याज्य आहे काय? तसे म्हणणे हटवादीपणाचे होईल. तिचा कस एका प्रश्नाने लागतो : पडद्यामुळे वाचलेला शिक्षकाचा तास कोठे जातो? तो तास संस्थाचालकाच्या तिजोरीत जात असेल तर ही पद्धती नाकारली पाहिजे. तो तास विद्यार्थ्याकडे परत येत असेल, म्हणजे व्याख्यान घरी ऐकून येणाऱ्या वीस-वीस मुलांच्या गटात शिक्षक बसून त्यांच्याकडून ताळेबंद सोडवून घेत असेल, तर तिचे स्वागत केले पाहिजे.

अशा गटांसाठी अंबाजोगाईसारखी प्रयोगशाळा शोधून सापडणार नाही. मोंढ्यात सोयाबीनची, तुरीची आवक होते. शेतकऱ्याच्या हिशेबपट्टीत आडत, हमाली, तोलाई कशी लागते, कडता कोठे कापला जातो, हे वाणिज्याच्या विद्यार्थ्याने प्रत्यक्ष पट्टी हातात घेऊन तपासावे. मुकादमाकडून घेतलेली उचल, तिच्या मोबदल्यात द्यावे लागणारे श्रमाचे दिवस आणि हंगामाअखेर उरणारे देणे यांचा हिशेब मांडला, तर त्या उचलीवरचा खरा व्याजदर किती पडतो हे विद्यार्थ्याला कळेल, आणि कदाचित त्याच्या आईबापांनाही प्रथमच कळेल. बीड जिल्ह्यात गेल्या काही वर्षांत पतसंस्था बुडाल्या, आयुष्याची पुंजी गमावलेले ठेवीदार रस्त्यावर आले. ज्या गावातून दर वर्षी वाणिज्य पदवीधर बाहेर पडतात, त्या गावात ठेवीवर अवास्तव व्याज देऊ करणाऱ्या संस्थेचा अहवाल वाचून धोका ओळखणारी माणसे तयार होऊ नयेत, हे वाणिज्य शिक्षणाचे अपयश नव्हे काय? हे शिक्षण परदेशी कंपनीच्या चित्रफितीतून मिळणार नाही. ते गावातच, शिक्षकाच्या सोबतीने, चार जणांत वाद घालून मिळेल.

या दृष्टीने काही मागण्या स्पष्टपणे मांडता येतात. पदवीचे पहिले वर्ष पूर्णपणे प्रत्यक्ष वर्गातच झाले पाहिजे; कारण पडद्याचा सर्वाधिक तोटा नवख्याला होतो. त्यापुढे ऑनलाइनची निवड विद्यार्थ्याची असावी, संस्थेची नव्हे. ऑनलाइन भागामुळे एकही मंजूर पद कमी करता कामा नये, आणि रिक्त पदे आधी भरली पाहिजेत. ऑनलाइन भागाचे शुल्क त्याच्या खर्चानुसार घटले पाहिजे. विद्यापीठाने मराठीतून व्याख्याने तयार करून ती सर्वांना मोफत खुली करावीत. मोठ्या गावांच्या ग्रामपंचायतींत किंवा शाळांत सायंकाळी उघडी राहणारी अभ्यासिका असावी, जिथे मुलींना निर्धास्तपणे बसता येईल.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे रस्ता आणि वसतिगृह. राज्यातील महाविद्यालये ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली, त्याच सुमारास एसटी कामगारांचा संप सुरू झाला आणि तो एप्रिल २०२२ पर्यंत रेंगाळला. वर्ग उघडे होते, शिक्षक हजर होते, पण खेड्यातील विद्यार्थी पोहोचू शकत नव्हता. त्या काही महिन्यांनी एक धडा दिला : ग्रामीण विद्यार्थ्याचे आवार महाविद्यालयाच्या फाटकापाशी सुरू होत नाही, ते त्याच्या गावच्या थांब्यापाशी सुरू होते. २०२४-२५ पासून व्यावसायिक अभ्यासक्रमांतील अनेक मुलींचे शुल्क शासन भरू लागले, हे स्वागतार्ह आहे. परंतु शुल्क माफ आणि संध्याकाळची बस बंद, अशी अवस्था असेल तर ती माफी कागदावरच राहते. त्याच वर्षापासून बीबीएसारखे अभ्यासक्रम अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या कक्षेत आले, त्यांना सामायिक प्रवेश परीक्षा लागू झाली आणि पहिल्याच वर्षी राज्यात मोठ्या संख्येने जागा रिकाम्या राहिल्या. या रिकाम्या बाकांचे निमित्त करून लहान गावांतील वर्ग बंद करण्याची आणि विद्यार्थ्यांना पडद्याकडे वळविण्याची भाषा उद्या सुरू झाली, तर आश्चर्य वाटायला नको.

एकटा विद्यार्थी

शेवटी एक गोष्ट गुणपत्रिकेत न दिसणारी. १९७४ चे मराठवाडा विकास आंदोलन विद्यार्थ्यांनी उभे केले. ते विद्यार्थी वसतिगृहाच्या खोल्यांत, महाविद्यालयाच्या कट्ट्यावर, चहाच्या टपरीवर एकमेकांना भेटले होते. आपले दुःख आपल्या एकट्याचे नाही, हे माणसाला दुसऱ्याचे दुःख ऐकल्यावर कळते. वेगवेगळ्या जातींची, वेगवेगळ्या गावांची मुले एका बाकावर बसतात, एकमेकांच्या डब्यातले खातात, प्रवेशशुल्काविरुद्ध एकत्र निवेदन लिहितात, तेव्हा जे शिक्षण होते, ते कोणत्याही अभ्यासक्रमात छापलेले नसते. पडद्यासमोर बसलेला विद्यार्थी एकटा असतो. एकट्या ग्राहकाला तक्रार करता येते. संघटना करता येत नाही.

तालुक्यातालुक्यांत काम करणाऱ्या कार्यकर्त्यांनी या प्रश्नाकडे प्राध्यापकांचा किंवा तंत्रज्ञांचा प्रश्न म्हणून पाहू नये. आपल्या तालुक्यातील महाविद्यालयात वाणिज्य शाखेची किती पदे मंजूर आहेत, किती भरलेली आहेत, कोणते तास ऑनलाइन दाखविले जातात आणि त्या वेळी किती विद्यार्थी खरोखर पडद्यासमोर असतात, एवढी माहिती प्रत्येकाने गोळा केली तरी निम्मी लढाई सुरू होईल. बर्दापूरहून सकाळच्या बसने निघालेली मुलगी फळ्यासमोरच्या बाकावर पोहोचते की नाही, आणि ती पोहोचते तेव्हा फळ्यापाशी कोणी उभे असते की नाही, हीच या सर्व धोरणांची खरी परीक्षा आहे.